सिलिकॉन दिलं तरी तांदळात आर्सेनिक तेवढंच येतंय? मग हे तपासून बघा

प्रॉब्लेम असा आहे. बोरो, म्हणजे बंगालकडचं उन्हाळी भात, बोअरच्या पाण्यावर वाढलेलं, कापणी होते, तांदूळ लॅबला जातो आणि रिपोर्टमध्ये आर्सेनिक लिमिटच्या वर येतं. मग कोणीतरी सांगतं सिलिकॉन द्या, पुढच्या वर्षी सिलिकॉन दिलं जातं, सोबत झिंक, सोबत अजून दोन बाटल्या, पैसे जातात, आणि रिपोर्ट परत तिथंच. मग शेतकऱ्याचा विश्वास उडतो, आणि इकडे मुंबईत तांदूळ घेणारे आपण म्हणतो, जाऊ दे, दुसरीकडून घेऊ. मला हे दोन्ही पटत नाही. पोषक द्रव्यांनी तांदळातलं आर्सेनिक कमी होतं हे खरं आहे, त्यामागचं शास्त्र पक्कं आहे, फक्त ते मुळाशी पोचलं का, पुरेसं होतं का आणि त्या वेळी शेतात पाणी कसं होतं यावर सगळं अवलंबून आहे. आणि घोळ बहुतेक वेळा नेमका इथंच असतो.

दादर, ठाणे, डोंबिवलीकडे आता बरेच ग्रुप थेट शेतकरी गटांकडून तांदूळ मागवतात. त्यातल्याच एका ताईंचा मेसेज होता, त्या पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातल्या एका गटाशी जोडलेल्या आहेत: "दादा, दोन्ही वर्षं सिलिकॉन मारलं, झिंक दिलं, डीएपी पण वाढवलं, तरी बघा ना, जैसे थे. आता लोकांना काय सांगू?" सोबत रिपोर्टचा फोटो. त्यांच्या या एका मेसेजमध्ये निदान तीन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत, म्हणून सगळ्यांसाठीच सविस्तर लिहितोय.

आधी रिपोर्ट नीट वाचा

हे कंटाळवाणं वाटतं पण सुरुवात इथूनच. रिपोर्टवर नुसतं "आर्सेनिक" लिहिलंय की "इनऑरगॅनिक आर्सेनिक", म्हणजे त्यातला जास्त विषारी प्रकार, ते बघा. कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, २०१४ मध्ये पॉलिश तांदळासाठी जी मर्यादा ठरवली ती किलोला ०.२ मिलिग्रॅम, आणि ती इनऑरगॅनिक आर्सेनिकची आहे, एकूण आर्सेनिकची नाही. बिनपॉलिशच्या, म्हणजे ब्राऊन तांदळासाठी २०१६ मध्ये ०.३५ ठरली. एकूण आर्सेनिकचा आकडा इनऑरगॅनिकच्या मर्यादेशी लावून लोक घाबरतात. आता खरं सांगायचं तर भारत-बांगलादेशच्या तांदळात बहुतेक भाग इनऑरगॅनिकच असतो, त्यामुळे फार मोठी सुटका होत नाही, पण ०.२२ सारखा काठावरचा आकडा असेल तर फरक पडतो.

दुसरं, ब्राऊन तांदूळ एका वर्षी आणि पॉलिश दुसऱ्या वर्षी असं पाठवलंय का? आर्सेनिक कोंड्याच्या थरात जास्त साठतं, त्यामुळे तोच तांदूळ बिनपॉलिशचा असेल तर आकडा जास्तच येणार. तिसरं, युनिट. ०.२ मिलिग्रॅम म्हणजे २०० पीपीबी, एका लॅबने एका पद्धतीने लिहिलं आणि दुसरीने दुसऱ्या, एवढ्यावरून भांडणं झालेली आहेत. नवी मुंबईत, ठाण्यात चांगल्या लॅब आहेत, पण एनएबीएलचा, म्हणजे लॅबच्या सरकारी मान्यतेचा, शिक्का आहे म्हणून खूश होऊ नका, त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत, "तांदळातलं इनऑरगॅनिक आर्सेनिक" हे नाव आहे का ते विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या शेतात काहीच दिलं नाही त्या शेतातलं सॅम्पल कुठे आहे? गेल्या वर्षीच्या आकड्याशी या वर्षीचा आकडा लावून काही कळत नाही, कारण पाऊस वेगळा, पंप किती चालला ते वेगळं, कधी जातपण वेगळी. कदाचित सिलिकॉनने फरक पडला असेल पण यंदा पाणीच जास्त साचलं होतं म्हणून तो दिसला नाही. तुलना नसेल तर दोन्ही बाजूंनी आपण अंदाजच करतोय.

भातातच का येतं एवढं?

गव्हात, मक्यात एवढा त्रास नाही, भातातच का? कारण भाताच्या खाचरात पाणी उभं असतं. पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते. मग जिवाणू हवेच्या जागी दुसरं काहीतरी वापरायला लागतात, आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. मातीत आर्सेनिक असतं ते बरंचसं लोहाच्या गंजासारख्या कणांना चिकटून बसलेलं असतं, आणि ते लोहच विरघळायला लागलं की आर्सेनिकही सुटून पाण्यात येतं. वर त्याचं रूपही बदलतं, आर्सेनेट असतं त्याचं आर्सेनाइट होतं, आणि हे जास्त फिरतं.

आता गंमत इथं आहे. आर्सेनाइटचा कण आणि विरघळलेलं सिलिकॉन, म्हणजे सिलिसिक आम्ल, हे भाताच्या मुळाला सारखेच वाटतात. भात हे सिलिकॉन प्रचंड खाणारं पीक, त्यासाठी मुळांत खास दारं आहेत. जपानच्या ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की त्याच दारांतून आर्सेनाइट आत शिरतं. दाराशी सिलिकॉनची गर्दी असेल तर आर्सेनिकला जागा कमी मिळते, शिवाय रोपाला सिलिकॉन पुरेसं मिळतंय म्हटल्यावर रोप ही दारंच कमी बनवतं. सिलिकॉनचा सगळा उपाय एवढ्यावर उभा आहे. म्हणजे सिलिकॉन कुठे हवं? मुळाशी, मातीतल्या पाण्यात विरघळलेलं, आणि भरपूर.

बाटलीचा हिशोब

आता ताईंना मी पहिला प्रश्न विचारला, सिलिकॉन "मारलं" म्हणजे कसं? उत्तर अपेक्षेप्रमाणे, पानांवर फवारलं, एकरी एक लिटर. बाटलीवर २ टक्के लिहिलं होतं. २ टक्के म्हणजे एका लिटरात जास्तीत जास्त वीसेक ग्रॅम. आता भाताची भूक बघा, हेक्टरी ५ टन उत्पन्न देणारं पीक जमिनीतून साधारण २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलतं, म्हणजे एकरी नव्वद ते एकशे नव्वद किलो. किलो! आणि आपण दिले वीस ग्रॅम, तेही पानावर. फवारणीचे बाकी फायदे असतील, रोगाला, कणखरपणाला, त्यावर मी काही म्हणत नाही, काही प्रयोगांत फवारणीनेही आर्सेनिक थोडं कमी झालेलं आहे, पण मुळाच्या दाराशी गर्दी करायची तर तो हिशोब या बाटलीने बसत नाही. रिपोर्ट हलला नाही यात नवल काहीच नाही.

मग एवढं सिलिकॉन आणायचं कुठून? तूस, म्हणजे भाताच्या दाण्याचं टरफल. भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तूस निघतं, ते जाळलं तर त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. म्हणजे एक टन तुसात ऐंशीच्या आसपास किलो शुद्ध सिलिकॉन. गिरणीच्या मागे याचे ढीग पडलेले असतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात अँजेलिया सेफर्थ यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की मातीत तूस मिसळल्यावर दाण्यातलं इनऑरगॅनिक आर्सेनिक २५ ते ५० टक्क्यांनी कमी झालं आणि उत्पन्न घटलं नाही.

आपल्या कोकणातल्या लोकांना तर ही गोष्ट नवीन वाटायलाच नको. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेत तुसाची काळी राख घालायला सांगितलेलीच आहे, तीही सिलिकॉनसाठीच. त्यांचा तो विचार आर्सेनिकसाठी नव्हता, रोपं कणखर व्हावीत, कीड कमी लागावी म्हणून होता, पण "भाताचं सिलिकॉन भाताला परत द्या" हे सूत्र तिकडे बंगालमध्येही तितकंच लागू पडतं. फक्त एक मोठा फरक, तो नीट समजून घ्या. चारसूत्रीत पेंढाही शेतात गाडायला सांगितलाय. आर्सेनिकच्या पट्ट्यात ते करू नका, निदान ताजा पेंढा चिखलणीच्या, म्हणजे लावणीआधी चिखल करण्याच्या, तोंडावर तर नाहीच. सिलिकॉन पेंढ्यात भरपूर असतं हे खरं, पण दाण्यापेक्षा कित्येक पट आर्सेनिकही पेंढ्यातच असतं, ते आपण परत शेतात टाकतो, आणि ताजा पेंढा पाण्याखाली कुजताना मातीतली उरलीसुरली हवा अजून लवकर संपते, म्हणजे लोह विरघळणं, आर्सेनिक सुटणं, मिथेन, सगळंच वाढतं. ज्यांनी "सेंद्रिय" म्हणून पेंढा गाडला आणि वरून सिलिकॉनची बाटली मारली त्यांचा आकडा उलट वाढलाही असेल. तुसात मात्र आर्सेनिक पेंढ्यापेक्षा पुष्कळ कमी असतं, आणि जमलं तर आर्सेनिक नसलेल्या भागातल्या गिरणीचं तूस आणा.

राखेचंही एक बघून घ्या. बॉयलरमधून निघालेली राख असते ना, पांढरट-करडी, बोटांत घेतली तर पिठासारखी, ती फार तापलेली असते, तिच्यातली सिलिका स्फटिकासारखी घट्ट होते आणि विरघळायला खूप वेळ लावते. मंद आचेवर जळलेलं काळं तूस, ज्याचा आकार अजून ओळखू येतो आणि चोळलं की हात काळे होतात, ते लवकर विरघळतं. राख अल्कधर्मी असते, जमिनीचा सामू (पीएच) आधीच चढा असेल तर ढीगभर राख टाकू नका, कारण सामू वाढला की आर्सेनिक सुटायला मदतच होते. अशा जमिनीत न जाळलेलं तूस बरं, चिखलणीच्या दोनेक आठवडे आधी मिसळून ठेवायचं.

आणि अर्धवट डोस देऊ नका, हे मी ठासून सांगतो. मातीच्या कणांवर आर्सेनाइट जिथे चिकटलेलं असतं तिथंच सिलिकॉनही चिकटतं आणि आर्सेनिकला ढकलून बाहेर काढतं. सिलिकॉन भरपूर असेल तर सुटलेल्या आर्सेनिकला मुळाशी अडवायलाही ते पुरतं, पण थोडंसंच दिलं, किंवा फार हळू विरघळणारं काही दिलं, तर आर्सेनिक सुटतं आणि अडवायला सिलिकॉन नाही. त्यामुळे सगळ्या रानात चिमूट-चिमूट टाकण्यापेक्षा एका तुकड्यात पुरेसं द्या. टनाच्या हिशोबात विचार करा, पाकिटाच्या नाही. जमिनीत मुळातच उपलब्ध सिलिकॉन चांगलं असेल तर फरक कमी दिसेल, म्हणून माती परीक्षणात तेही करून घ्या, सगळे करत नाहीत, मागावं लागतं.

डीएपी का वाढवलं?

हा ताईंच्या मेसेजमधला दुसरा मुद्दा. डीएपी म्हणजे नत्र आणि फॉस्फेटचं खत. कोणीतरी सांगितलं असणार की फॉस्फेट आणि आर्सेनेट भाऊ-भाऊ, फॉस्फेट दिलं की आर्सेनेट आत जात नाही. हे कोरड्या जमिनीत, किंवा लॅबमधल्या पाण्यात वाढवलेल्या रोपांत खरं आहे. उभ्या पाण्याच्या खाचरात मात्र आर्सेनेट थोडं, आर्सेनाइटच जास्त, आणि आर्सेनाइट फॉस्फेटच्या वाटेने जातच नाही. उलट फॉस्फेट लोहाच्या कणांवर जाऊन बसतं आणि तिथल्या आर्सेनिकला हाकलतं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त डीएपी हा स्वतःच आर्सेनिक वाढण्याचं कारण असू शकतो. बंद करा असं म्हणत नाही, स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर भात फुटवेच धरणार नाही, पण माती परीक्षणात जेवढं आलंय तेवढंच, वर एक गोणी "सुरक्षेसाठी" नाही.

गंधक, झिंक, लोह, सेलेनियम

यातलं गंधक मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. आर्सेनिक मुळांत शिरलंच तर रोप काय करतं? गंधक असलेली छोटी संयुगं बनवतं, ती आर्सेनिकला धरतात आणि पेशीच्या पोकळीत नेऊन कोंडतात, मुळात आणि खोडाच्या गाठींमध्ये, त्यामुळे दाण्यापर्यंत कमी पोचतं. हे करायला गंधक लागतं, आणि वर्षानुवर्षं युरिया-डीएपीवर असलेल्या जमिनीत गंधक कमी पडलेलं असतं, कारण या दोन्ही खतांत ते नसतं. अमोनियम सल्फेटमध्ये साधारण २४ टक्के गंधक आहे, जिप्सम आहे, सिंगल सुपर फॉस्फेटमध्येही ११ टक्के आहे. म्हणजे डीएपीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर स्फुरद मोजून जातं आणि गंधक सोबत मिळतं, मला हा बदल सगळ्यात सोपा आणि स्वस्त वाटतो. अति करू नका मात्र, सतत पाण्याखाली असलेल्या, कुजणारा माल भरपूर असलेल्या चिखलात जास्त सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड होतं, मुळं काळी पडतात, उपटल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो.

मुळं उपटून बघायची सवय लावाच. निरोगी भाताचं रोप पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी खोड फुगतं तेव्हा, उपटा, बादलीत हळूच धुवा, मुळांवर तांबूस-विटकरी थर दिसला पाहिजे. तो लोहाचा थर, मुळं स्वतः हवा बाहेर सोडतात आणि जवळचं लोह मुळावर गंजून बसतं, त्या थराला आर्सेनिक चिकटून राहतं. मुळं काळी आणि लिबलिबीत असतील तर तो पहारा तिथं नाही, अशा वेळी खत बदलण्यापेक्षा आधी पाणी उतरवा.

झिंकची कमतरता, त्यातून होणारा खैरा रोग वगैरे असेल तर झिंक सल्फेट द्या, पिकाला हवंच, त्यातून थोडं गंधकही जातं. फक्त त्याला आर्सेनिकचं औषध समजू नका. आणि सेलेनियमचे प्रयोग चाललेत, पण त्यात गुणकारी आणि विषारी यांतलं अंतर फार कमी, घरच्या घरी अजिबात नको.

नायट्रेटचं खत दिलं तर लोह विरघळणं थोडं लांबतं, कारण जिवाणू आधी नायट्रेट वापरतात. पण ते उभ्या पाण्यात हवेत उडून जातं, त्यामुळे यावर पैसे घालू नयेत असं माझं मत.

पाणी, पाणी, पाणी

सगळं योग्य दिलं आणि खाचर लावणीपासून कापणीपर्यंत भरलेलं ठेवलं तर पोषक द्रव्यांना आपण एकट्याने लढायला लावतोय. मधून मधून पाणी उतरू दिलं की हवा आत जाते, लोह परत गंजतं, आर्सेनिक परत त्याला चिकटतं. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची पाइपची पद्धत बऱ्याच जणांना माहीत आहे, ३० सेंटिमीटरचा भोकं पाडलेला पाइप खाचरात रोवायचा, आतलं पाणी जमिनीच्या १५ सेंटिमीटर खाली गेलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं, फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र पाणी ठेवायचं.

इथेही "आम्ही केलं, फरक नाही" म्हणणारे भेटतात. कारण ही पद्धत पाणी वाचवण्यासाठी बसवलेली आहे. चिकण मातीत पाइपात पाणी १५ सेंटिमीटर खाली दिसतं पण वरची माती अजून ओलीगच्च, बोट घातलं तर चिखलच लागतो, हवा कुठून जाणार? आर्सेनिकसाठी फुटव्यांच्या काळात एक-दोनदा तरी माती खरोखर मोकळी होऊ द्यायला लागते, बारीक भेगा दिसेपर्यंत. आणि दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे: माती जास्त सुकली तर कॅडमियम सुटतं. आर्सेनिक आणि कॅडमियम उलट्या दिशेने चालतात, ओलीत एक वाढतं, सुकीत दुसरं. त्यामुळे दाणे भरताना शेत पूर्ण कोरडं ठेवायचा हट्ट नको, आणि पाण्याची पद्धत बदलली की लॅबमध्ये दोन्ही तपासून घ्या. पैसे जास्त जातात, पण एक विष काढून दुसरं ताटात वाढण्यात अर्थ नाही.

हे सगळं परत परत का येतं

कारण दरवर्षी आपण ते नव्याने ओततो. हिशोब करून बघा. बोरो भाताला साधारण १००० मिलिमीटर पाणी लागतं, एकरी चाळीस लाख लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, त्या पट्ट्यात असे बोअर आहेत, तर एका हंगामात एकरी ४०० ग्रॅम आर्सेनिक शेतात जातं. पुरात, पावसात थोडं वाहून जातं, बाकीचं साठतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जे पाणी पिऊ नका म्हणून हापशावर लाल रंग मारतात तेच शेतात महिनोन्महिने सोडलं जातं.

नदिया, मुर्शिदाबाद, मालदा, दोन्ही चोवीस परगणा, पुढे बिहारात भोजपूर-बक्सर, उत्तर प्रदेशात बलिया, या गाळाच्या पट्ट्यात उथळ बोअरच्या पाण्यात हा त्रास आहे. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे १९८३ च्या सुमारास हातापायाला काळे डाग, तळव्यांना गाठी आलेले पेशंट यायला लागले तेव्हा हे उघडं पडलं. म्हणून पहिली टेस्ट बोअरची करा, तांदळाची नंतर. तळं, नदी, कालवा, साठवलेलं पावसाचं पाणी यातलं काही मिळत असेल तर निदान फुलोऱ्यापुढचं पाणी तरी त्याचं द्या. नसेल तर बोरोऐवजी पावसाळी आमन भात आणि उन्हाळ्यात मोहरी, मका, डाळी असं काहीतरी, ज्याला पाणीच कमी लागतं. जातही बदलून बघा, पश्चिम बंगालमधल्या चुँचुडाच्या भात संशोधन केंद्राने लखनौच्या एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेसोबत मुक्तश्री नावाची कमी आर्सेनिक घेणारी जात काढली आहे, आणि नदियातल्याच मोहनपूरला बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालय आहे, त्यांचं या विषयावर बरंच काम आहे, मुंबईहून आपण सल्ले देण्याआधी शेतकऱ्यांनी त्यांच्याशी बोलावं.

मग आपला वाडा कोलम, कर्जत?

हे विचारणारे खूप आहेत म्हणून थोडक्यात. पालघर-रायगडचं भात मुख्यतः खरिपाचं, पावसाच्या पाण्यावरचं. तिथं गंगेकडचा तो गाळ नाही, आणि आर्सेनिकचं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं जात नाही, म्हणजे शेतात ते साठायची मुख्य वाटच नाही. घाबरून गावचा तांदूळ बंद करू नका. महाराष्ट्राच्या सीमेला लागून छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात कौडीकसा भागात मात्र भूजलात आर्सेनिक आहे, तिकडून तांदूळ घेत असाल तर तपासा.

घरात आलेल्या तांदळासाठी आपल्या आज्यांची पद्धत सगळ्यात चांगली. तांदूळ चांगला धुवून, सहापट पाण्यात शिजवून, भात वेळायचा आणि ते पाणी टाकायचं. २००६ च्या एका अभ्यासात धुणं आणि वेळणं मिळून ५७ टक्क्यांपर्यंत आर्सेनिक गेलेलं दिसलं, मात्र शिजवायचं पाणी स्वच्छ हवं. मुंबईचं नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं, त्यामुळे इथं ती काळजी नाही, नदियात बोअरच्या पाण्यात शिजवला तर उलट वाढतं. कुकरमध्ये मोजून पाणी घातलेल्या भातात आहे ते सगळं तसंच राहतं. काही जीवनसत्त्वंही पाण्याबरोबर जातात, ते खरंच आहे, म्हणून ज्या तांदळाबद्दल शंका आहे तोच वेळा. लहान बाळांना रोज नुसती तांदळाची पेज नको, नाचणी आलटून पालटून द्या, कारण बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या पोटात तांदूळ जास्त जातो.

पुढच्या बोरोसाठी

नर्सरी टाकायच्या आधीच ठरवा, नंतर तूस मिळत नाही आणि मिळालं तरी मातीत मिसळायला वेळ उरत नाही. एकाच बोअरवरचं, एकाच जातीचं एक शेत घ्या आणि चार पट्टे पाडा, मध्ये बांध घाला म्हणजे पाणी मिसळणार नाही. पहिला नेहमीसारखा, काही बदल नाही. दुसऱ्यात तूस भरपूर. तिसऱ्यात तूस नाही, फक्त पाणी उतरवायचं. चौथ्यात तूस आणि पाणी दोन्ही, आणि डीएपीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेट, नत्राचा हिशोब युरियाने भरून. चारही पट्ट्यांत फवारणीची बाटली नको, तिचे पैसे लॅबसाठी ठेवा. पोटरीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातली चार रोपं उपटून मुळांचे फोटो काढा, उन्हात नाही, सावलीत, रंग नीट कळतो. कापणीला बांधाकडच्या दोन-तीन ओळी सोडून मधलं भात घ्या, पट्ट्यातल्या चार-पाच जागचं एकत्र करून सॅम्पल बनवा, झोडणी वेगवेगळ्या ताडपत्रीवर, सुकवणी वेगवेगळी, आणि चारही सॅम्पल एकाच गिरणीत सारखंच पॉलिश करून एकाच दिवशी एकाच लॅबला. पोत्यावर बाहेरून मार्करने लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून पट्ट्याचा नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत टाका, आणि गिरणीवाल्याला सांगा की एक सॅम्पल झालं की मशीन रिकामं होऊ द्यायचं, मगच दुसरं टाकायचं.